“फौजेत टोचून टोचून चाळण झाली, आता पुरे!”

प्रश्न थोडक्यात असा आहे. वडील ७१ वर्षांचे, पायदळातून सुभेदार म्हणून निवृत्त, आता सातारा जिल्ह्यात गावी शेती बघतात. मधुमेह आहे, सीओपीडी (धाप लागणारा फुप्फुसाचा जुनाट आजार) आहे. गेल्या पावसाळ्यात छाती भरली आणि आठ दिवस ऑक्सिजनवर काढावे लागले. छातीच्या डॉक्टरांनी फ्लूची आणि न्यूमोनियाची लस लिहून दिली. वडील म्हणतात, “फौजेत टोचून टोचून चाळण केली माझी, आता पुरे.” त्यात त्यांच्या पल्टनीतले एक जोडीदार कोविशील्ड घेतल्यावर पाच महिन्यांनी हार्ट अटॅकने गेले. मुलगी पुण्यात नोकरीला. समजावून झालं, भांडून झालं, रडूनही झालं. आता काय करू, असं ती विचारते.

ताई, मी आर्मी मेडिकल कोअरमध्ये डॉक्टर होतो. निवृत्तीनंतर गेली नऊ वर्षं पश्चिम महाराष्ट्रातल्या एका ईसीएचएस, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेच्या, पॉलीक्लिनिकमध्ये त्यांनाच तपासतो. तुमच्या वडिलांचं हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की बोलणारा ‘फौजेत’ म्हणाला की पुढचं मीच मनात पूर्ण करतो. तेव्हा आधी एक काम करा. पुढचे पंधरा दिवस लशीचा विषय काढू नका. फोनवर नाही, जेवताना नाही, आईकडून निरोप पाठवून तर अजिबात नाही. आत्ता तुमच्या घरात लस हा तुमच्या आणि त्यांच्या जिद्दीचा सामना होऊन बसलाय, आणि अठ्ठावीस वर्षं नोकरी केलेला सुभेदार असा सामना हरत नसतो.

हा नकार कुठून येतो ते बघू. तुमच्या वडिलांनी भरती झाल्यापासून पेन्शन येईपर्यंत एकाही सुईला ‘नको’ म्हटलेलं नाही, कारण तसं म्हणायची सोयच नव्हती. सकाळी फॉल-इनला नावं पुकारली जायची, एमआय रूमसमोर, म्हणजे युनिटच्या दवाखान्यासमोर, रांग लागायची, बाही दंडापर्यंत दुमडायची आणि पुढे सरकायचं. नर्सिंग असिस्टंटच्या हातात काचेची सिरिंज, शेजारी उकळलेल्या सुयांचा ट्रे. कसली लस, कशासाठी, पुढे काय होईल, हे कोणी सांगत नसे आणि कोणी विचारतही नसे. त्यातली टीएबीसी तर जुन्या जवानांना नावानिशी आठवते. टायफॉइड, पॅराटायफॉइडचे दोन प्रकार आणि कॉलरा, अशा चौघांचे मारलेले जंतू एकाच सुईत. दंड लाकडासारखा कडक व्हायचा, रात्री ताप भरायचा, बराकीत सगळे एका कुशीवर झोपायचे. मी तेव्हा तरुण कॅप्टन, रांगेच्या दुसऱ्या टोकाला उभा. दिवसाचा आकडा पूर्ण करून रजिस्टरवर सही केली की माझं काम संपायचं. आज तेच लोक माझ्यासमोर खुर्चीत बसून ‘नको साहेब’ म्हणतात, तेव्हा त्यातला थोडा हिशेब माझ्याही नावावर निघतो.

पेन्शन आल्यावर माणसाला पहिल्यांदा स्वतःच्या दंडावर हक्क मिळतो. तो हक्क ते वापरतायत. म्हणून हुकमाच्या सुरात सांगितलेलं काहीही, भले ते प्रेमापोटी असो, त्यांना एमआय रूमची रांगच वाटतं.

दुसरी गोष्ट घरच्यांच्या सहसा लक्षात येत नाही, ती मेडिकल कॅटेगरीची. फौजेत प्रत्येकाची ‘शेप’ असते. मन, कान, हातपाय, शरीराची ताकद आणि डोळे, या पाचांत एक नंबर असला की शेप-वन. त्यातलं एक अक्षर घसरलं की माणूस लो मेडिकल कॅटेगरीत गेला. मग प्रमोशन अडकायचं, कोर्स हुकायचा, बरोबरीचे पुढे निघून जायचे. म्हणून खोकला दाबून मेडिकल देणारे, गुडघा बांधून बीपीईटी, म्हणजे फौजेची शारीरिक चाचणी, धावणारे जवान मी पाहिलेत. दुखणं लपवणं हा तिथला शहाणपणा होता. आता तुम्ही म्हणता, “बाबा, तुमचं वय झालंय, फुप्फुस कमजोर आहे, लस घ्या.” त्यांच्या कानाला ते ऐकू येतं, ‘तुम्ही लो कॅटेगरी झालात.’ मग लगेच उत्तर येतं, मी फिट आहे, रोज चार किलोमीटर चालतो. ऑक्सिजनवर आठ दिवस काढलेला माणूस हे म्हणतो म्हणून तुम्हाला राग येतो. मला नाही येत, कारण हे वाक्य ते नोकरीची अठ्ठावीस वर्षं मेडिकल बोर्डासमोर घोकत आलेत.

तिसरी गोष्ट व्हॉट्सअ‍ॅपची. माजी सैनिकांचे ग्रुप मोठे असतात, पल्टनीचे, बॅचचे, तालुक्याचे. तिथे फिरणारा लशींबद्दलचा माल बराचसा परदेशी असतो. अमेरिकेत १९९८ पासून सैनिकांना अँथ्रॅक्सची लस सक्तीची झाली, शेकडोंनी नकार दिला, शिक्षा भोगल्या, शेवटी २००४ साली तिथल्या एका न्यायाधीशांनी ती सक्ती थांबवली. हे खरं आहे. पण साताऱ्याच्या ग्रुपवर येईपर्यंत त्यातली अँथ्रॅक्स गळून पडते आणि उरतं एवढंच, ‘अमेरिकन फौजेनं लस नाकारली.’ तुमच्या वडिलांनी त्यांच्या उभ्या नोकरीत अँथ्रॅक्सची लस पाहिलेली नसणार.

इथे माझी पद्धत थोडी उलटी आहे. लशींचे गोडवे मी आधी गात नाही. आधी फौजांच्या लशींची सगळ्यात वाईट गोष्ट सांगतो. १९४२ साली अमेरिकन सैन्याला पीतज्वराची लस दिली, त्यात माणसाच्या रक्तातला सिरम मिसळलेला होता, आणि काही बॅचमधून काविळीचा विषाणू गेला. सुमारे ५० हजार सैनिक काविळीने रुग्णालयात भरती झाले. नंतर कळलं की तो हेपटायटिस बी होता. हे ऐकल्यावर समोरचा माणूस खुर्चीत जरा पुढे सरकतो. डॉक्टर असून हा माणूस आपल्या बाजूचं काहीतरी सांगतोय, असा चेहरा होतो. मग मी पुढचं सांगतो. त्याच वर्षी कारण सापडलं, लशीतून सिरम काढून टाकला, आणि आज पीतज्वराच्या देशांत जाणारा प्रत्येक सैनिक ती लस घेऊनच विमानात बसतो. आपल्याकडचंही एक सांगतो. हाफकिननं प्लेगची लस १० जानेवारी १८९७ रोजी भायखळ्याला आधी स्वतःला टोचून घेतली. पुढे १९०२ मध्ये पंजाबातल्या मुलकोवाल गावी एकाच बाटलीतून लस दिलेले १९ जण धनुर्वाताने गेले. हाफकिनवर बालंट आलं, नोकरी गेली, आणि तो निर्दोष असल्याचं मान्य व्हायला १९०७ उजाडलं. परळच्या त्या संस्थेला आज त्याचं नाव आहे.

असं सगळं सांगितल्यावर मग मी बोअर युद्धावर येतो. दक्षिण आफ्रिकेत, १८९९ ते १९०२. टायफॉइडची लस तेव्हा नवी होती आणि ऐच्छिक होती. इंग्रज फौजेतल्या शंभरातल्या पाच जणांनीही ती घेतली नाही. लढाईत आणि जखमांनी मेले सुमारे आठ हजार, रोगांनी मेले तेरा हजारांच्या वर, आणि त्यातले सुमारे आठ ते नऊ हजार एकट्या टायफॉइडचे. पहिल्या महायुद्धात त्याच फौजेनं लस घेतली, ती तिथेही ऐच्छिकच होती, आणि टायफॉइडचा तो कहर दिसला नाही. त्या युद्धात सातारा जिल्ह्यातल्या गावोगावचे लोक गेले होते. अपशिंगे मिलिटरी या सैनिकांच्या गावाचं नाव तर सगळ्यांना माहीत आहे. बोअर युद्धात गोळीनं मेलेल्यांपेक्षा रोगानं मेलेले जास्त, हा हिशेब सैनिकाला चटकन कळतो. त्याला आकृत्या दाखवाव्या लागत नाहीत.

आता कोविशील्ड आणि त्यांचा तो जोडीदार. या मुद्द्यावर घाई करू नका, कारण खरी गाठ इथेच आहे.

२०२४ च्या एप्रिल-मेमध्ये बातमी आली की अॅस्ट्राझेनेका कंपनीनं इंग्लंडच्या न्यायालयात मान्य केलं, त्यांच्या लशीमुळे फार क्वचित रक्ताच्या गुठळ्या होऊन प्लेटलेट्स कमी होण्याचा आजार होऊ शकतो. कोविशील्ड तीच लस. माझ्या ओपीडीत त्या आठवड्यात निम्मे लोक बीपीच्या गोळ्यांसाठी नाही तर हेच विचारायला आले. मी सांगितलं ते असं. हो, हा दुष्परिणाम खरा आहे, आणि तो २०२१ सालीच डॉक्टरांना माहीत झाला होता, कोर्टात नवीन काही उघड झालं नाही. युरोपातल्या आकड्यांप्रमाणे पहिल्या डोसनंतर लाखात एखाद-दुसऱ्याला, आणि तरुणांमध्ये जास्त. तो लशीनंतर साधारण चार दिवस ते सहा आठवडे एवढ्या काळात दिसतो. पाच महिन्यांनी नाही. आणि हा आजार म्हणजे हृदयाची नळी चरबीनं तुंबून येणारा नेहमीचा अटॅक नव्हे, त्याचं रूप वेगळं असतं. काही वर्षांपूर्वी घेतलेल्या डोसाची भीती आता बाळगायचं कारण नाही.

मग जोडीदार कशानं गेले? मला माहीत नाही आणि तुम्हालाही नाही, म्हणून तुम्ही निदान करायला जाऊ नका. एवढंच लक्षात ठेवा की २०२१ मध्ये साठीच्या पुढच्या बहुतेकांनी लस घेतली होती, त्यामुळे त्यानंतर त्या वयात आलेला जवळजवळ प्रत्येक अटॅक ‘लशीनंतरचा’च होता. आयसीएमआरनं, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनं, ४७ रुग्णालयांतून अचानक झालेल्या मृत्यूंचा अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात लशीमुळे धोका वाढलेला दिसला नाही. दोन डोस घेतलेल्यांत तो उलट कमी होता. धोका वाढलेला दिसला तो कोविडनं रुग्णालयात भरती होऊन गेलेल्यांत, घरात पूर्वी अचानक मृत्यू झालेल्यांत, आणि मृत्यूआधीच्या ४८ तासांत बेदम दारू प्यायलेल्यांत. हा अभ्यास १८ ते ४५ वयाचा होता, त्यामुळे तो मी सत्तरीच्या माणसासमोर पुरावा म्हणून ठेवत नाही. त्यांच्या मुला-नातवांची काळजी निघाली तरच सांगतो. दारूचा भाग सांगितला की कॅन्टीनच्या कोट्यावरून खोलीत थोडी कुजबुज होते, ते वेगळं.

आपल्याकडे म्हण आहे, कावळा बसायला आणि फांदी तुटायला. इथे ती अगदी चपखल बसते, आणि म्हणूनच सांगतो, वडिलांसमोर ती वापरू नका. त्यांच्यासाठी तो कावळा नव्हता, त्यांचा बडी होता. कदाचित दोघे एकाच तंबूत झोपले असतील, एकानं दुसऱ्याला खांद्यावर आणलं असेल. तुम्ही लशीची बाजू घेऊन त्या मरणाचं कारण खोडायला लागलात की त्यांना वाटतं, पोरगी माझ्या माणसाचं मरण हलकं करतेय. त्यापेक्षा एखाद्या संध्याकाळी नुसतं विचारा, “बाबा, काका शेवटी भेटले होते तेव्हा काय बोलणं झालं?” आणि ऐका. माझा अनुभव असा की असं पूर्ण बोलून झाल्यावर पुष्कळदा स्वतःच म्हणतात, “तसा त्याला बीपीचा त्रास होताच, गोळ्या घेत नव्हता.” हे वाक्य त्यांच्या तोंडून आलं तरच त्याला किंमत.

माझी एक चूक सांगतो. पॉलीक्लिनिकमध्ये पहिल्या वर्षी एक ऑनररी कॅप्टन यायचे. फुप्फुस खराब, लस नको म्हणायचे. एका गर्दीच्या दिवशी मी वैतागलो आणि जुना आवाज काढला. “साहेब, ही विनंती नाही.” ते ताडकन उभे राहिले, ‘यस सर’ म्हणाले, दंड पुढे केला. मला वाटलं, जमलं. नंतर दीड वर्ष ते फिरकले नाहीत. लस सोडा, साखरेच्या गोळ्या न्यायलाही नाही. आले तेव्हा पायाला जखम, आणि एक बोट काढावं लागलं. त्यांच्या पत्नीनं मला एवढंच सांगितलं, “त्या दिवशी सगळ्यांसमोर तुम्ही त्यांना शिपाई केलंत.” तेव्हापासून मी लशीबद्दल बोलताना खुर्ची टेबलाच्या त्यांच्या बाजूला घेतो आणि दार लावून घेतो.

तुम्ही काय करायचं ते आता सांगतो. पंधरा दिवस गेल्यावर गावी जा, आणि लशीपासून सुरुवात करू नका, दंडापासून करा. त्यांच्या दंडावर देवीच्या लशीचा वण असेल, त्या पिढीच्या बहुतेकांना असतो. तो कधीचा, कुणी टोचला, किती दिवस ठणकला, ते विचारा. देशातला देवीचा शेवटचा रुग्ण १९७५ मध्ये सापडला. म्हणजे त्यांच्या लहानपणी गावात देवीनं डोळे गेलेली, चेहऱ्यावर खड्डे पडलेली माणसं होती आणि तुम्ही एकही पाहिलेलं नाही. ही गोष्ट त्यांनाच तुम्हाला सांगू द्या. त्यांच्या आठवणीत सुई म्हणजे फक्त टीएबीसीचा ताप उरलाय, त्याच्या शेजारी हाही वण आहे, एवढं आठवलं तरी पुरे.

मग हुकूम नको, ब्रीफिंग द्या. फौजेतलं ब्रीफिंग कसं असतं ते त्यांना माहीत आहे. शत्रू कोण, कुठून येतो, आपल्याकडे काय आहे, नुकसान किती होऊ शकतं, आणि मग प्रश्न. तसंच सांगा. फ्लू आपल्या भागात पावसाळ्यात जोर धरतो, जुलै ते सप्टेंबर, म्हणजे गेल्या वर्षी ते भरती झाले नेमक्या त्या दिवसांत. काश्मीरमध्ये तोच हिवाळ्यात येतो, तिथे नोकरी केली असेल तर ते स्वतःच सांगतील. देशातला स्वाइन फ्लूचा पहिला बळी ऑगस्ट २००९ मध्ये पुण्यात गेला, ते दिवस तुम्हा दोघांना आठवत असतील. फ्लूची सुई मेलेल्या विषाणूची असते, तिनं फ्लू होत नाही. दंड दुखतो, एखाद दिवस अंग मोडून येतं, पण टीएबीसीसारखं नाही. शंभर टक्के संरक्षण ती देत नाही. चांगल्या वर्षी आजार साधारण निम्म्यानं कमी होतो, आणि झालाच तर बहुधा घरच्या घरी निभावतो. ‘निम्म्यानं’ हा शब्द गाळू नका. पूर्ण बंदोबस्ताची हमी देणाऱ्या ब्रीफिंगवर कोणताही जुना सुभेदार विश्वास ठेवत नाही.

नुकसानीचा भागही सांगा. दहा लाखांत एखाद-दुसऱ्याला जोराची अॅलर्जी येते, म्हणून लशीनंतर अर्धा तास तिथेच बसवतात. हातापायांतली ताकद जाण्याचा एक आजार, गियाँ-बारे, दहा लाखांत एक-दोघांना होऊ शकतो. १९७६ मध्ये अमेरिकेत फोर्ट डिक्स छावणीत एक सैनिक स्वाइन फ्लूनं गेला, घाईघाईत चार कोटींहून जास्त लोकांना लस दिली, आणि हा आजार लाखाला एक असा वाढलेला दिसल्यावर डिसेंबरमध्ये मोहीम थांबवली. ते आपणहून सांगा. नंतर ग्रुपवर त्यांना ते सापडलं तर तुम्ही लपवलंत असं होईल.

हृदयाची भीती निघाली तर एक अभ्यास जवळ ठेवा. बांगलादेशासह आठ देशांत हार्ट अटॅक आलेल्या रुग्णांना रुग्णालयातच फ्लूची लस किंवा नुसतं मिठाचं पाणी टोचलं. वर्षभरात मृत्यू, पुन्हा अटॅक किंवा स्टेंट तुंबणं यांतलं काहीतरी पाणी टोचलेल्यांपैकी ७.२ टक्क्यांना झालं, लस घेतलेल्यांपैकी ५.३ टक्क्यांना. हे २०२१ मध्ये प्रसिद्ध झालं. म्हणजे ज्या हृदयाच्या भीतीनं लस टाळायची, त्याच हृदयाला तिचा उपयोग होतो.

‘मी फिट आहे’ यावर मी स्वतः वापरतो ते उत्तर देऊन ठेवतो. वडिलांची नोकरी लडाखच्या बाजूला झाली असेल तर फारच उत्तम. झोजीला खिंड बर्फानं बंद व्हायच्या आधी सगळ्या हिवाळ्याची रसद वर पोचवतात. केरोसीन, पीठ, डाळ, दारूगोळा. मी विचारतो, “साहेब, नोव्हेंबरमध्ये पोस्टवर सगळे जवान धडधाकट असायचे ना? मग रसद आधीच का भरायची?” ते हसतात. लशीचा असर यायला दोन आठवडे लागतात, खिंड बंद झाल्यावर ट्रक पाठवून उपयोग नाही. फिट माणसाची रसद भरतात, उपाशी पडलेल्याची नव्हे. ही तुलना मला एका निवृत्त नाईकानं शिकवली, जो स्वतः शेवटपर्यंत लस घ्यायला कां कूं करत होता.

शक्य असेल तर हे बोलायला तुम्ही एकट्या नको. त्यांच्याच बॅचचा, लस घेतलेला कोणी असेल तर त्याला चहाला बोलवा, आणि तुम्ही आत स्वयंपाकघरात जा. आम्ही पॉलीक्लिनिकमध्ये एप्रिलमध्ये छोटा दरबार भरवतो, फौजेतल्यासारखाच. दरबारात शिपाईसुद्धा सीओला, म्हणजे पल्टनीच्या प्रमुखाला, प्रश्न विचारू शकतो, ही सवय सगळ्यांना आहे. मी दहा मिनिटं बोलतो, बाकी वेळ तेच बोलतात, आणि जास्त काम एक हवालदार करतो ज्याला नागीण झाली होती. तो शर्ट वर करून पाठीवरचे डाग दाखवतो आणि सांगतो, तीन महिने बनियन अंगाला लागलं तरी आग व्हायची. आमच्या भागात अजून समज आहे की नागिणीची दोन्ही तोंडं कमरेला मिळाली की माणूस जातो. तसं होत नाही, ती मज्जातंतूच्या वाटेनं बहुधा एकाच बाजूला येते. पण वेदना खरी असते, आणि तिची लस भारतात २०२३ पासून पन्नाशीपुढच्यांना मिळते. महाग आहे, दोन डोस लागतात. तुमच्या वडिलांच्या बाबतीत ती आत्ता काढू नका. एका वेळी एकच मोर्चा.

वडिलांसाठी नेमकं काय, ते छातीच्या डॉक्टरांनी सांगितलंच असेल, तरी थोडक्यात. फ्लूची लस दर वर्षी, आपल्याकडे मेअखेरपर्यंत. बाटलीवर त्या वर्षाची आणि दक्षिण गोलार्धाची आहे ना, बघून घ्या, कारण औषधांच्या दुकानात कधी गेल्या हिवाळ्याचा उरलेला माल असतो. न्यूमोनियाची १३ प्रकारांची घेतली तर साधारण वर्षानं २३ प्रकारांची घ्यायची. २० प्रकारांची मिळाली तर बहुधा तेवढ्यावर भागतं. दोन्ही एकाच दिवशी, दोन दंडांत चालतात, पण पहिल्या वेळी मी एकच देतो. त्या रात्री दोन्ही कुशी दुखल्या तर पुढच्या वर्षी माणूस येत नाही. ताप असेल त्या दिवशी नको. हृदयासाठी रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती बंद करायची नाही, सुईनंतर कापूस दोन-तीन मिनिटं दाबून धरायचा. मागे कुठल्या लशीनं किंवा औषधानं घसा सुजला, श्वास अडकला असं झालं असेल तर आधी सांगा. शेतात काम करतात म्हणून धनुर्वाताचा शेवटचा डोस कधी झाला तेही विचारून घ्या, दहा वर्षं झाली असतील तर तो राहिलाच आहे. ‘फौजेत सगळं टोचलंय’ यातलं हे एक टोचलेलं खरं, पण त्याची मुदत कधीच संपली. फ्लू आणि न्यूमोनियाचं तर त्यांच्या वेळी जवानांना मिळालेलंच नव्हतं.

आईचं विसरू नका. माझ्याकडे येणाऱ्या जोडप्यांत लस नाकारणारा बोलतो आणि दुसरी व्यक्ती गप्प बसते, आणि कुणीच तिला विचारत नाही. आईलाही साखर-बीपी असेल तर तिला स्वतःचं म्हणून घेऊन जा, वडिलांना धडा म्हणून नाही. वडिलांनी सोबत यायचं म्हटलं तर येऊ द्या, बाहेर बाकावर बसू द्या. मी अशा तिघा-चौघांना बाकावरून उठून आत येताना पाहिलंय. अर्थात घरी जाईपर्यंत बाकावरच बसून राहिलेलेही आहेत.

आणि त्यांनी सगळं ऐकून ‘नाही’च म्हटलं तर? मग ‘बरं बाबा’ म्हणा, आणि खरंच सोडून द्या, पुढच्या एप्रिलपर्यंत. मध्ये करण्यासारखं पुष्कळ आहे. श्वासाच्या औषधाचा पंप (इन्हेलर) ते बरोबर ओढतात का, हे कुणाकडून तरी तपासून घ्या. माझ्याकडे येणाऱ्यांतले निम्मे चुकीचं ओढतात. बोटाला लावायचं ऑक्सिमीटर घरी ठेवा आणि छातीच्या डॉक्टरांकडून लिहून घ्या, आकडा कितीच्या खाली गेला की वाट न बघता निघायचं. कफाचा रंग बदलला, धाप नेहमीपेक्षा वाढली, की पहिल्याच दिवशी दाखवायचं, चौथ्या दिवशी नाही. हे एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहून वडिलांच्याच हातात द्या, कारण स्टँडिंग ऑर्डर ते पाळतात, फक्त ती त्यांच्या ताब्यात असायला हवी.

घेतलीच लस, तर तारीख आणि बॅच नंबर असलेलं कार्ड मागून घ्या आणि त्यांच्याकडे द्या. डिस्चार्ज बुक आणि पीपीओ, म्हणजे पेन्शनचा आदेश, ज्या काळ्या ट्रंकेत असतात, तिथे ते स्वतः ठेवतील. पुढच्या मेमध्ये तारीख कोणी विचारली तर काढूनही तेच दाखवतील.